कॅनडाचे ६९ गुण झाले, "पास" झालो म्हणे. मग पीआर (कायमचं राहण्याची परवानगी) का येत नाही?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतोय. वय ३३, बीई मेकॅनिकल, आपल्याच जळगावच्या विद्यापीठाचा. एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या कारखान्यात दहा वर्षं प्रॉडक्शनला आहे. भावजय ३० वर्षांची, एमएस्सी बीएड. पाच वर्षं शाळेत शिकवते. एक मुलगी.

इथल्याच एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. त्याने आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यायला लावली, भावाला चारही भागांत ६-६ बँड मिळाले. मग त्याने कागदावर बेरीज करून दाखवली: कॅनडाला १०० पैकी ६७ गुण लागतात, तुमचे ६९ झाले, अभिनंदन. पहिला हप्ता भरला, प्रोफाइल टाकून झालं. आता दर वेळी "ड्रॉची वाट बघा" एवढंच उत्तर. परवा नवीनच निघालं. म्हणतो, आणखी पैसे भरा, तिथल्या कंपनीचं जॉब ऑफर लेटर आणून देतो, त्याने गुण वाढतील. रक्कम इथे लिहीत नाही, पण तेवढ्यात वावरात दोन बोअर होतील.

आमच्या घरात कुणी परदेशी गेलेलं नाही, त्यामुळे विचारायला कुणी नाही. ६७ पाहिजेत, ६९ आहेत, मग अडलंय कुठे?

---

रेजिना_खान्देशी

दादा, आधी सगळ्यात महत्त्वाचं: जॉब ऑफरसाठी एक रुपयाही देऊ नका. एक्स्प्रेस एन्ट्रीत (कॅनडाची पीआरसाठी माणसं निवडायची पद्धत) पूर्वी जॉब ऑफरचे ५० किंवा २०० गुण मिळायचे. ते २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. बंद करण्याचं कारणच हे होतं की अशा ऑफरी विकत मिळायला लागल्या होत्या. म्हणजे तुमचा माणूस तुम्हाला निवडीत शून्य गुणांची वस्तू विकतोय. शिवाय ती खोटी निघाली तर भावावर चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसेल आणि ५ वर्षं अर्ज करता येणार नाही.

आता ६९ चं. कॅनडात दोन वेगवेगळ्या गुणपद्धती आहेत आणि तुम्हाला पहिलीच दाखवलीय. ६७ ही फेडरल स्किल्ड वर्करची पात्रता. भावाचे भाषेचे १६, शिक्षणाचे २१, अनुभवाचे १५, वयाचे १२ असे ६४, आणि बायकोला जुजबी इंग्रजी येतं हे परीक्षेने सिद्ध केलं तर ५. झाले ६९. (बायकोने परीक्षा दिलीय का? दिली नसेल तर ६४ च, म्हणजे पात्रताही नाही. हे आधी तपासा.)

पण ६७ ने फक्त पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, नाव जातं. पुढची निवड सीआरएस नावाच्या दुसऱ्या गुणांवर होते, ते १२०० पैकी असतात. आपल्याकडे इंजिनीअरिंगला बारावीत पीसीएमला ४५ टक्के लागतात, पण सीओईपीत प्रवेश ४५ टक्क्यांवर मिळतो का? तो कॅप राउंडच्या कट-ऑफवर मिळतो. ६७ म्हणजे ते ४५ टक्के.

भावाचा सीआरएस मी बोटांवर मोजला, लग्न झालेल्या अर्जदाराच्या तक्त्याने. वय ३३ चे ८०. बीईचे ११२. ६ बँडचे प्रत्येकी १६ म्हणजे ६४. शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे १३, परदेशातला अनुभव आणि भाषा यांच्या जोडीचे २५. झाले २९४. बायकोची मास्टर्स आणि ६-६ बँड धरले तर आणखी २२. एकूण ३१६.

२०२५ मध्ये इथे कॅनडात अनुभव घेतलेल्यांसाठीच्या फेऱ्यांचा (तुमचा तो ड्रॉ) कट-ऑफ ५१५ ते ५४७ च्या दरम्यान राहिला. आणि ज्याला कुठलीही विशेष वर्गवारी लागू नाही अशांसाठीची सर्वसाधारण फेरी त्या वर्षी झालीच नाही. ३१६ वर वाट बघत बसलात तर १२ महिन्यांनी प्रोफाइल आपोआप संपेल. तोवर भावाचा वाढदिवस येऊन गेला की आणखी ५ गुण कमी.

---

भरीतपार्टी

६९ वर "अभिनंदन"! कन्सल्टंटचे मात्र शंभर पैकी शंभर.

---

गिरणाकाठ

रेजिना, मनापासून आभार. भावजयीची परीक्षा झालेली नाही, आणि त्या माणसाने तसं सांगितलंही नव्हतं. भाऊ घरी आला की हे सगळं वाचायला देतो.

एक गोष्ट पटत नाहीये. भाऊ दहा वर्षांत शिफ्ट इंजिनीअरपासून लाइन सांभाळण्यापर्यंत गेलाय. मशीन बंद पडलं तर रात्री दोनला त्याला फोन येतो. त्या दहा वर्षांचे फक्त २५?

---

दीपनगर

गिरणाकाठ भाऊ, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. सीआरएसमध्ये कॅनडाबाहेरच्या अनुभवाला स्वतःचे असे गुणच नाहीत. तो फक्त भाषेशी किंवा कॅनडातल्या अनुभवाशी जोडला की मोजला जातो, आणि तोही ३ वर्षांपर्यंतच. ३ वर्षंवाला आणि १३ वर्षंवाला सारखेच. भाषेची पातळी कॅनडा सीएलबीत मोजतो, भावाचे ६-६ बँड म्हणजे सीएलबी ७. चारही भागांत सीएलबी ९ असेल तर त्या जोडीचे ५० मिळतात, ७ किंवा ८ असेल तर २५. म्हणजे भावाचा अनुभव वाढवायचा रस्ता कारखान्यातून जात नाही, आयईएल्ट्समधून जातो.

सीएलबी ९ म्हणजे लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हीत ७. पुष्कळ मुलं "ओव्हरऑल ७.५ आला" म्हणून पेढे वाटतात. ओव्हरऑलला इथे कुणी विचारत नाही. रायटिंगला ६.५ आला की सगळी जोडगणितं खालच्या पायरीवर येतात. बीईवाल्याचा फरक बघा: सगळीकडे ७ च्या जागी ९ झालं तर भाषेचे ६४ चे ११६, शिक्षणाच्या जोडीचे १३ चे २५, अनुभवाच्या जोडीचे २५ चे ५०. एका परीक्षेत ८९ गुण. घरबसल्या दुसरं काहीही करून एवढे सहसा मिळत नाहीत.

वयाचं उलटं. २० ते २९ मध्ये पूर्ण गुण, तिशी लागली की दर वर्षी साधारण ५ जातात, चाळिशीनंतर १०-१०, आणि ४५ ला शून्य. म्हणजे माणूस कामात जसा मुरतो तसे त्याचे गुण घटतात. मला ह्यात अन्याय वगैरे दिसत नाही. त्यांना उत्तम इंजिनीअर निवडायचा नाहीये, पुढची तीस-पस्तीस वर्षं तिथे कमावून कर भरेल असा माणूस निवडायचाय. आपण मात्र हे गुण म्हणजे आपल्या लायकीचं प्रमाणपत्र समजतो. तिथेच डोक्याला ताप होतो.

---

सातपुडा_६२

निवृत्त मास्तर आहे, त्यामुळे जरा इतिहास. वरच्या चर्चेत गुणपद्धतीला शिव्या पडायच्या आधी हे वाचा.

कॅनडाने गुणपद्धत आणली १९६७ साली. तेव्हा १०० पैकी ५० पुरायचे. त्याआधी काय होतं? १९५१ च्या करारानुसार भारतातून वर्षाला १५० माणसं घ्यायची. पाकिस्तानातून १०० आणि सिलोनमधून ५०. पुढे १९५७ मध्ये भारताचे ३०० केले. अख्ख्या देशातून वर्षाला ३००! तुमचं शिक्षण काय, अनुभव काय, कोण विचारतो? जन्म कुठे झाला एवढंच बघायचे. १९६२ च्या नियमांनी वंशभेद बराचसा काढला, आणि गुणपद्धतीने वय, शिक्षण, भाषा, कसब असे निकष आणून देश-वंश पुरता काढून टाकला. पुढे ऑस्ट्रेलियानेही गोऱ्यांचं धोरण सोडल्यावर हाच मार्ग धरला. न्यूझीलंड १९९१ मध्ये आलं.

उलट अमेरिकेकडे बघा. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डात गुण नाहीत, पण एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून भारतात जन्मलेला इंजिनीअर वर्षानुवर्षं रांगेत, आणि त्याच ऑफिसातला छोट्या देशातला सहकारी पुढे निघून जातो. कॅनडाच्या गणितात जन्म यावलचा की लंडनचा, काही फरक पडत नाही. इंग्रजीच्या गुणांत लंडनवाला आपोआप पुढे असतो, ते वेगळं.

---

शिरपूरची_लेक

सगळे भाऊरायाचेच गुण मोजताहेत. वहिनींचे कुणी मोजले का?

मुख्य अर्जदार नवराच असला पाहिजे असा कुठेही नियम नाही. पीआर दोघांनाही आणि मुलीलाही एकदमच मिळते. ज्याचे गुण जास्त त्याला पुढे करायचं. आता बघा. वय ३०, गुण ९५. एमएस्सी मास्टर्स म्हणून मान्य झाली तर १२६. त्यांनी सीएलबी ९ काढलं तर ११६. मास्टर्स आणि भाषेच्या जोडीचे ५०, ५ वर्षांच्या अनुभवाचे आणि भाषेचे ५०. झाले ४३७. नवरा आता जोडीदार, त्याची पदवी ८ आणि त्याचे ते ६-६ बँड १२. एकूण ४५७.

तेच घर, तेच कागद, ३१६ चे ४५७. कन्सल्टंटने वहिनींना ऑफिसात बसवून विचारलं तरी होतं का, की नुसता चहा दिला?

आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. २०२३ पासून कॅनडा काही वर्गवाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या काढतो. आरोग्यसेवा, बांधकाम-वेल्डिंगसारखी कसबी कामं, फ्रेंच भाषा, वगैरे. २०२५ मध्ये त्यात शिक्षण क्षेत्र आलं. माध्यमिक शिक्षक त्या यादीत आहेत. त्याची पहिली फेरी मे २०२५ मध्ये झाली, कट-ऑफ ४७९. ४५७ आणि ४७९ मधलं अंतर गाठण्यासारखं आहे. सीएलबी १० झालं तर १२ तिथेच वाढतात.

कारखान्यातली प्रॉडक्शनची नोकरी मात्र ह्या वर्गवाऱ्यांत सहसा बसत नाही. काही इंजिनीअर बसतात, पण ते हुद्द्याच्या नावावर ठरत नाही, रोज काय काम करतो त्यावर ठरतं.

---

भरीतपार्टी

शिरपूरच्या ताईंनी धागा जिंकला. +१

---

गिरणाकाठ

शिरपूरची_लेक, ताई, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. भाऊ हसला. आई म्हणाली, "मग बायकोच्या नावावर जायचं का?" तिला सांगितलं की विमान एकच असतं. भावजय मात्र काही बोलली नाही, पण रात्री तिच्या मोबाइलवर आयईएल्ट्सचे लिसनिंगचे व्हिडिओ चालू होते.

तिच्या शाळेबद्दल एक अडचण आहे. पहिली दोन वर्षं ती एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर होती. ती धरायची का? आणि आत्ताच्या शाळेत पगाराचा काही भाग रोख मिळतो.

---

कागद_पक्का

हे माझं क्षेत्र. नातेवाइकांच्या फायली करून करून डोकं पांढरं झालंय. गुणांची बेरीज कुणीही करेल, फाइल अडकते कागदांवर.

तासिका तत्त्व: त्यांचं मोजमाप तासांचं आहे. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३० तास, वर्षाचे १,५६०. त्याहून कमी तास असतील तर त्या प्रमाणात धरतात, उदाहरणार्थ आठवड्याला १५ तास दोन वर्षं केले तर एक वर्षाचा अनुभव. आठवड्याला सहा-आठ तास घेतले असतील तर ती दोन वर्षं "दोन वर्षं" म्हणून लिहू नका. अनुभव एकूण ३ वर्षं झाला की सीआरएसमध्ये पूर्ण गुण मिळतातच, त्यामुळे आत्ताच्या शाळेची ३ पक्की असतील तर तासिकेच्या भानगडीत पडायलाच नको.

अनुभवाचं पत्र: "सदर शिक्षिका आमच्या संस्थेत कार्यरत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे" हे आपल्या संस्थांचं ठरलेलं पत्र. कॅनडाला त्याचा शून्य उपयोग. लेटरहेडवर हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास, वार्षिक पगार, रोजची कामं मुद्द्यांनी, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा-फोन हे सगळं हवं. एमआयडीसीतल्या कारखान्यांचंही तेच. एचआर म्हणतो, आमचा फॉरमॅट असाच आहे. मसुदा स्वतः टाइप करून न्या, चहा घेऊन बसा, सही घेऊनच उठा.

रोख पगार: पत्रात पूर्ण पगार आणि बँकेत अर्धाच दिसत असेल तर प्रश्न येणार. पत्रात तेवढंच लिहा जेवढं पासबुक, फॉर्म १६, पीएफ दाखवतं. गुण पगाराला नाहीतच, त्यामुळे फुगवून लिहिण्यात नुकसानच.

नाव: आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. त्यात लग्न झालेली बाई म्हणजे मार्कशीट माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि केलं असेल तर राजपत्र, दोन्ही जवळ ठेवा. एका अक्षराचा फरक असला तरी प्रतिज्ञापत्र करून टाका.

विद्यापीठ: पदवी २०१८ च्या आधीची असेल तर तीवर "उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ" असेल, आणि आता ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या गुणांचा एकत्र उतारा) येईल "कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ" नावाने. घाबरायचं कारण नाही. पदवी तपासणाऱ्या संस्थेकडे (आपले बरेच लोक वेसकडून करतात) ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जावं लागतं, तुम्ही स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. हा अहवाल ५ वर्षं चालतो, आयईएल्ट्स फक्त २ वर्षं. म्हणून ट्रान्स्क्रिप्ट आधी, परीक्षा नंतर.

आता पैसा. गुणांशी ह्याचा संबंध नाही, पण पैसा दाखवता आला नाही तर गुण असून उपयोग नाही. तिघांच्या कुटुंबाला २०२५ च्या आकड्यांनुसार साधारण २३ हजार कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे १४-१५ लाख रुपये. ते स्वतःचे, मोकळे, कधीही काढता येतील असे. आपल्या भागातले लोक इथेच फसतात. यावल-रावेरकडे केळीचा बागायती एकर आहे, घर आहे, घरात सोनं आहे, आणि खात्यात दीड लाख. जमीन चालत नाही. घर चालत नाही. कर्ज काढून भरलेले पैसे चालत नाहीत. बँकेच्या पत्रात मागच्या ६ महिन्यांची सरासरी शिल्लक लिहिलेली असते, त्यामुळे आठवड्यापूर्वी अचानक १५ लाख आले तर कुठून आले ते विचारणार. वडिलांनी केळीच्या पैशातून दिले असतील तर बक्षीसपत्र करा, बाजार समितीच्या किंवा व्यापाऱ्याच्या पावत्या जोडा.

---

पांझराकाठचा

वावर शे, घर शे, सोनं शे, पन बँकमा काहीच नही शे! आख्खा खान्देशनी हीच कथा शे भो.

---

तापी_ते_अ‍ॅडलेड

ऑस्ट्रेलियाचंही सांगतो, कारण सगळी अंडी एका... असो, म्हण राहू द्या.

इथे किमान ६५ गुण. भावाचं वय ३३ म्हणजे २५ (२५ ते ३२ असतं तर ३०), पदवी १५, ८ वर्षांहून जास्त अनुभव १५. बघा, इथे अनुभवाला मान आहे. ६ बँडला शून्य. जोडीदाराचं इंग्रजी पुरेसं असेल तर ५. झाले ६०, म्हणजे ५ कमी. चारही भागांत ७ आणले की १० मिळून ७०. इथेही ६५ ला बोलावणं येत नाही, इंजिनीअरांना तर बरेच वर लागतात. मात्र राज्याने नामांकन दिलं तर १९० क्रमांकाच्या व्हिसाला ५ आणि ४९१ क्रमांकाच्या व्हिसाला १५ वाढतात. ४९१ म्हणजे मोठ्या शहरांबाहेर राहायचं, आधी तात्पुरता व्हिसा, ३ वर्षांनी अटी पूर्ण केल्या की पीआर. अ‍ॅडलेडसुद्धा त्यांच्या हिशेबात "प्रादेशिक" मध्ये येतं, त्यामुळे माळरानावर जाऊन पडायचं असं काही नाही.

आधी कौशल्य तपासणी करावी लागते. मेकॅनिकलवाल्यांची इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया करते, आणि आपल्या बहुतेक कॉलेजांच्या पदवीला स्वतःच्या कामांवर सविस्तर निबंध लिहावे लागतात. नेटवरून उचलून लिहिलेले पकडतात. भावाने ते रात्री दोनचे फोन आत्तापासून वहीत लिहून ठेवावेत: काय बिघडलं, काय हिशेब केला, कसं दुरुस्त केलं. त्या निबंधात नेमकं हेच लागतं.

एक गंमत. भाषांतराची एक परीक्षा दिली तर ५ गुण मिळतात, नाटी ह्या संस्थेची सीसीएल. इंग्रजीतून आपल्या भाषेत आणि उलट, दोन संवाद. ९० पैकी ६३ लागतात. मराठीतून देता येते. खान्देशातल्या माणसाला पंचाईत अशी की "गव्हर्न्मेंट बेनिफिट" ला शुद्ध मराठीत काय म्हणायचं ते परीक्षेत बसल्यावर आठवत नाही. यादीत अहिराणी नाही, नाहीतर माझी आजी टॉपर असती.

---

दीपनगर

जर्मनीचा उल्लेख करून ठेवतो, कारण तिथे भावाचं गणित आश्चर्यकारक जमतं. १ जून २०२४ पासून चान्सनकार्टं नावाचं कार्ड आहे, किमान ६ गुण. ३५ च्या आतलं वय २, मागच्या ७ वर्षांत ५ वर्षं अनुभव ३, टंचाईच्या व्यवसायात इंजिनीअर १. झाले ६. जर्मन भाषेची बी१ पातळी गाठली तर आणखी २. पदवी तिथे पूर्ण समकक्ष ठरली तर गुणही लागत नाहीत.

पण ती पीआर नव्हे! एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधायची परवानगी आहे. वर्षभराचा खर्च आधी बंद खात्यात ठेवावा लागतो, मधल्या काळात आठवड्याला २० तास काम करता येतं. नोकरी मिळाली तर पुढचा रस्ता. न्यूझीलंडच्या ६ गुणांचंही असंच बघून घ्या: गुण सोपे दिसतात, मास्टर्सला ५ आहेत, पण तिथली नोकरी हातात असल्याशिवाय अर्जच नाही. आकडा बघून भुलू नका, आकडा कशासाठी आहे ते आधी बघा.

---

रेजिना_खान्देशी

फ्रेंचबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून मीच लिहितो. २०२५ मध्ये वर्गवाऱ्यांत सगळ्यात खाली कट-ऑफ फ्रेंचचा लागला. मार्च २०२५ मध्ये ३७९ ला गेला होता. त्यासाठी फ्रेंचच्या चारही भागांत ७ ची पातळी लागते. तेवढं केलं आणि इंग्रजी सीएलबी ५ किंवा वर असलं तर ५० गुण वेगळे, शिवाय दुसऱ्या भाषेचे प्रत्येकी ३ असे १२. वहिनींचे ४५७ चे ५१९ होतील, आणि फ्रेंचच्या फेरीतही नाव येईल.

पण हे दोन महिन्यांचं काम नाही. ती पातळी साधारण बी२ ची आहे. शून्यापासून सुरू केलं तर रोज दोन तास देऊन दीड वर्ष धरा. ज्या क्लासच्या जाहिरातीत "९० दिवसांत फ्रेंच, हमखास पीआर" लिहिलंय, त्याला तोच कन्सल्टंट समजा.

आणि एक कडू गोष्ट. इथे आता दारं उघडी नाहीत, किलकिली आहेत. २०२५ साठी आधी ५ लाख पीआर ठरले होते, ते ३,९५,००० वर आणले, २०२६ ला ३,८०,०००. प्रांतांच्या नामांकनाचा कोटा २०२५ मध्ये निम्म्यावर आणला होता. प्रांताचं नामांकन मिळालं की ६०० गुण मिळतात आणि मग बाकी काही बघावं लागत नाही, म्हणून तिथेच सगळ्यांची झुंबड आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एकदा ७५ ला कट-ऑफ लागला होता. हो, पंच्याहत्तर. २७,३३२ लोकांना बोलावलं, सगळे इथे कामाचा अनुभव घेतलेले होते, कारण कोविडमध्ये बाहेरून येणं जवळपास बंद होतं. कन्सल्टंट लोक अजूनही तो स्क्रीनशॉट दाखवतात. वहिनींना दाखवला तर ओळखता येईल म्हणून सांगितलं.

---

केळीवाला

सगळे गुण मोजताहेत म्हणून मी दुसरं विचारतो. भावाला जायचंच का आहे? इथे घर आहे, आईवडील आहेत, नोकरी पक्की आहे. तिथे गेल्यावर पहिली दोन वर्षं गोदामात खोके उचलणारे बीईवाले मी पाहिलेत. वहिनींनाही शिकवण्यासाठी तिथल्या प्रांताचा परवाना वेगळा काढावा लागेल, पीआर मिळाली म्हणजे वर्ग मिळाला असं नाही.

---

शिरपूरची_लेक

केळीवाला काका, परवान्याचं अगदी खरं आहे आणि ते कुणीतरी लिहायलाच हवं होतं. निवड करणारं सरकार वेगळं आणि शिक्षकाला, नर्सला, इंजिनीअरला परवाना देणारी मंडळं वेगळी. एकाने १२६ गुण दिलेली पदवी दुसरा पुन्हा तपासतो, कधी आणखी कोर्स करायला लावतो. जायच्या आधीच ज्या प्रांतात जायचं तिथल्या मंडळाची अट वाचून घ्या, काही कागद इथूनच पाठवावे लागतात.

पण जायचं का हा प्रश्न त्या दोघांचा आहे. तो ह्या धाग्यावर सोडवू नका.

---

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. थोडक्यात स्थिती: कन्सल्टंटला जॉब ऑफरसाठी नाही म्हणून सांगितलं. पहिला हप्ता परत मागितला, तो "प्रोसेसिंगमध्ये वापरला" म्हणे. प्रोफाइलचा पासवर्डही त्याच्याकडेच होता. तो आधी ताब्यात घेतला. उघडून बघितलं तर भावजयीची आयईएल्ट्स झाली असल्याचं त्याने परस्पर लिहून ठेवलेलं! ते प्रोफाइल मागे घेतलं.

आता भावजयीच्या नावाने करायचं ठरलंय. एमएस्सीचं ट्रान्स्क्रिप्ट मागवायला पुढच्या आठवड्यात बांभोरीच्या पुढे विद्यापीठात जाणार. परीक्षा जानेवारीनंतर. फ्रेंचचं ती म्हणते आधी इंग्रजीचा निकाल येऊ दे.

एकच राहिलं. आत्ताच्या शाळेची ३ वर्षं पूर्ण आहेत, पण मधले तीन महिने ती ज्या शाळेत होती ती संस्था बंद पडली. तिथलं पत्र कोण देणार? आणि कन्सल्टंट बदलायचा तर खरा कसा ओळखायचा?

---

कागद_पक्का

बंद पडलेल्या संस्थेचं: नेमणूकपत्र, पगारपत्रकं, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, फॉर्म १६ जे असेल ते गोळा करा. तेव्हाचे मुख्याध्यापक भेटले तर त्यांच्याकडून स्वतःच्या नावाने पत्र घ्या आणि संस्था बंद झाल्याचं एका पानाचं स्पष्टीकरण जोडा. मात्र तीन महिने गुणांत धरू नका. नोकरीच्या इतिहासात लिहायचे, कारण तिथे रिकामी जागा ठेवता येत नाही, पण गुण मागायचे फक्त पक्क्या ३ वर्षांचे.

कन्सल्टंटचं: कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा परवानाधारक किंवा तिथला वकील असावा लागतो. त्याचा परवाना क्रमांक मागा आणि कॉलेजच्या वेबसाइटवरच्या यादीत नाव स्वतः शोधा, त्याने दाखवलेल्या फ्रेम केलेल्या सर्टिफिकेटवर जाऊ नका. ऑस्ट्रेलियाची अशीच नोंदणी यादी आहे. खरं तर तुमच्या फाइलला सल्लागार लागेलच असं नाही. प्रोफाइल भरायला पैसे पडत नाहीत, सीआरएसचं गणित सरकारी वेबसाइटवर फुकट करता येतं. बोलावणं आलं की ६० दिवसांत सगळे कागद चढवावे लागतात, तेव्हा कुणाला दाखवावंसं वाटलं तर दाखवा.

आणि विद्यापीठात जाताना वहिनींच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या झेरॉक्स आणि विवाह प्रमाणपत्र घेऊन जा, अर्ज कुठल्या नावाने करायचा ते खिडकीवर विचारतात.